देव पाण्यात ठेवले, मग पुढे?

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या कुठल्याही गटात डोकावा. ढोलपथक असो, नाट्यवाचन असो की दिवाळीचा फराळ करणाऱ्या वहिन्या असोत, स्वतःची किंवा घरातल्या कोणाची बायपास झालेलं एक माणूस हमखास निघतं. 2018 साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी कोलेस्टेरॉलची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दक्षिण आशियाई वंशाचं असणं हाच धोका वाढवणारा एक घटक म्हणून नोंदवला. आपण अंडंही खात नाही, दारूला शिवत नाही, ह्या भरवशावर राहिलेल्या आपल्या पिढीला ती नोंद चांगलीच झोंबली. तेव्हा ऑपरेशनच्या दिवशी घरच्यांनी काय करायचं, हा आता एखाद्या घराचा खासगी प्रश्न राहिलेला नाही.

सध्या आपण काय करतो? मंडळाच्या ग्रुपवर निरोप येतो, ‘उद्या सकाळी अमक्याचं ऑपरेशन आहे, प्रार्थना करा.’ पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग लागते. कोणी अथर्वशीर्षाची आवर्तनं वाटून घेतं, कोणी रामरक्षा म्हणतो, कोणी अक्कलकोटला, कोणी शेगावला अभिषेक सांगतो. ह्यावर आपल्यातली विवेकवादी मंडळी खासगीत हसतात. सर्जन भारी असताना देवाला मध्ये का घालता, असं त्यांचं म्हणणं. श्रद्धाळू मंडळी नंतर उलट टोला देतात : बघा, सगळं नीट झालं की नाही! मला विचाराल तर दोघंही एकाच ठिकाणी चुकतात. दोघंही प्रार्थनेला निकालावरून मार्क देतात.

असे मार्क एकदा खरोखरच देऊन झाले आहेत. 2006 साली अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा हॉस्पिटलं, बायपासचे 1802 रुग्ण, तीन गट. एका गटासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. पण आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही, हे ह्या दोन्ही गटांना ठाऊक नव्हतं. तिसऱ्या गटासाठी प्रार्थना झाली आणि तसं त्यांना सांगितलंही होतं. पहिल्या दोन गटांत ऑपरेशननंतर गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण 52 आणि 51 टक्के, म्हणजे जवळजवळ सारखंच. ज्यांना प्रार्थनेची खात्री दिली होती, त्यांच्यात मात्र ते 59 टक्के निघालं. हा फरक योगायोगाचाही असू शकेल, असं संशोधकांनीच म्हटलं. विवेकवाद्यांना मात्र आयतं कोलीत मिळालं.

त्या अभ्यासातली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. प्रार्थना करणारी माणसं दूरची, अनोळखी होती. त्यांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर एवढंच दिलं होतं. घरच्यांनी प्रार्थना करू नये, असं कोणी सांगितलं नव्हतं. तसं सांगणं शक्यही नव्हतं. म्हणजे रुग्णाची हृदयगती मोजली, जंतुसंसर्ग मोजला, मृत्यू मोजले. खाली वेटिंग रूममध्ये गार झालेली कॉफी हातात धरून बसलेल्या बायकोचं काय झालं, हे मोजलं नाही. आणि श्रद्धेचं खरं काम तिथेच असतं, असं माझं म्हणणं आहे. ती ऑपरेशन थिएटरच्या आत जात नाही. ती बाहेर बसलेल्या माणसाच्या कामी येते.

न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात मागच्या थंडीत मी एका मित्राच्या घरच्यांबरोबर दिवसभर बसलो होतो. पहाटे साडेपाचला हजर व्हायचं होतं. मित्राच्या मनगटाला आईनं बांधलेला काळा दोरा. नर्स म्हणाली, तो काढावा लागेल. मनगटाच्या धमनीत सुई जाणार होती. पायाला बांधू का, असं वहिनींनी विचारलं, तर पायातून शीर काढून घ्यायची होती. दोऱ्याला जागाच उरली नाही. वहिनींचा चेहरा उतरला. खरं तर आदल्या रात्रीपासून त्यांना तेच विचारायचं होतं, पण ‘हे लोक काय म्हणतील’ म्हणून त्या गप्प होत्या. नर्सनं कात्री उचलली नाही. नखानं गाठ सोडवली, दोरा छोट्या पिशवीत घातला, मित्राच्या नावाचं लेबल चिकटवलं आणि पिशवी वहिनींच्या हातात दिली. ताईत, क्रॉस, जपमाळा हे सगळं तिच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. लाजत आम्हीच होतो.

मग आठ तास फळ्याकडे बघणं. भिंतीवर पडदा, त्यावर नावं नाहीत, नुसते नंबर, आणि नंबरापुढे रंग. दर थोड्या वेळानं आतून नर्सचा फोन. ‘पंपावर घेतलं’ असा निरोप आला तेव्हा वहिनी ‘गजानन विजय’ वाचत होत्या. ह्या वाक्याचा अर्थ आम्हा दोघांनाही चांगला ठाऊक होता. हृदय आता थांबवलेलं आहे. पोटॅशियमचं द्रावण सोडून, मुद्दाम. फुप्फुसांचं आणि हृदयाचं काम शेजारचं यंत्र करतंय. ‘पंपावरून काढलं’ असा पुढचा फोन येईपर्यंत त्यांनी पोथी मिटली नाही आणि पानही उलटलं नाही.

ह्या यंत्राचीच एक हकीकत आहे, ती इथे सांगायला हवी. 1930-31च्या सुमारास बॉस्टनमध्ये जॉन गिबन नावाच्या तरुण डॉक्टरला एका बाईच्या उशाशी बसवलं होतं. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर तिच्या फुप्फुसाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली होती. रात्रभर नाडी आणि रक्तदाब नोंदवत बसायचं, एवढंच त्याचं काम. सकाळी ऑपरेशन झालं, बाई वाचली नाही. तिचं काळवंडत चाललेलं रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू भरून परत सोडता आलं असतं तर, हा विचार त्याच्या डोक्यात त्या जागरणात शिरला. त्यानं आणि त्याची बायको मेरी हिनं त्यावर प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं काढली. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात अठरा वर्षांच्या एका मुलीवर ते यंत्र पहिल्यांदा यशस्वी झालं. आज वेटिंग रूममध्ये आपण ज्या यंत्राच्या भरवशावर बसतो, ते अशा एका बसून काढलेल्या रात्रीतून आलंय. ‘नुसतं बसून काय होणार’ असं म्हणणाऱ्यांना मी ही हकीकत ऐकवतो.

आता देव पाण्यात ठेवण्याबद्दल. त्या मित्राच्या आई साताऱ्याला असतात. इथे साडेसातला ऑपरेशन सुरू झालं तेव्हा तिकडे संध्याकाळचे सहा वाजले होते, दिवेलागणीची वेळ. त्यांनी देवघरातला बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा उचलून पाण्यानं भरलेल्या पितळी पातेल्यात ठेवली. लेक सुखरूप बाहेर आला की मगच बाहेर काढणार. शहरी सुशिक्षितांना हा प्रकार भाबडा वाटतो. मला तो फार रोखठोक वाटतो. त्यात शरणागती कमी आणि अडवणूक जास्त आहे : माझा जीव टांगणीला लागलाय ना, मग तूही बस पाण्यात. आपल्या संतांनीही विठ्ठलाशी भांडणं केली आहेत, त्याला नाही नाही ते सुनावलं आहे. मराठी श्रद्धेत धास्तीला आणि रागाला पहिल्यापासून जागा आहे.

हीच जागा आपण इथे येऊन घालवली. त्या आठ तासांत वहिनींना आलेले बहुतेक निरोप एकाच चालीचे होते : पॉझिटिव्ह राहा, रडू नकोस, निगेटिव्ह विचार मनात आणू नकोस, तुझ्या विचारांचा त्याच्यावर परिणाम होतो. ह्यातलं शेवटचं वाक्य तर सरळसरळ क्रूर आहे. म्हणजे उद्या काही वाईट घडलं तर ते बायको घाबरली म्हणून? ही श्रद्धा नव्हे. घाबरलेल्या बाईच्या गळ्यात टाकलेली ही जबाबदारी आहे. साताऱ्याच्या आजी त्यापेक्षा शहाण्या. त्यांना भीती वाटत होती, म्हणून तर त्यांनी देव पाण्यात ठेवले.

आणि त्या आजींचं पुढे काय झालं तेही ऐका. ऑपरेशन नीट झालं. ग्रुपवर निरोप गेला, त्यावर शंभरएक अंगठे उमटले. साताऱ्याला फोन मात्र दुसऱ्यानं केला असेल, असं प्रत्येकाला वाटलं. मध्यरात्र उलटून गेल्यावर आजींनीच फोन केला. तोवर त्या देवघरासमोर पाटावर बसून होत्या. ज्यानं देव पाण्यात ठेवलेत त्याला पहिला फोन, हा नियम प्रत्येक घरानं आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवावा आणि फोन कोणी करायचा त्याचं नावही पुढे लिहावं.

मी श्रद्धेची वकिली करतोय म्हणून तिला सगळंच माफ आहे असं नाही. भूल द्यायच्या आधी पोट रिकामं का ठेवतात, हे अनेकदा सांगूनही ‘चमचाभर तीर्थानं काय होतंय’ म्हणणारे आहेत. पोटातलं उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. तीर्थ कपाळाला लावा. काढे, अश्वगंधा, हळदीच्या गोळ्या ह्यांना आपण औषध समजत नाही, म्हणून भूलतज्ज्ञांना सांगत नाही. रक्त पातळ होण्याशी ह्यातल्या काहींचा संबंध असतो, सांगायलाच हवं. अमावास्या टाळायची असेल तर सर्जनला स्पष्ट विचारा. तारीख दोन दिवस पुढे-मागे चालत असेल तर तो हो म्हणेल. मुख्य धमनीच तुंबली असेल आणि तो नाही म्हणाला, तर पंचांग मिटा.

नवसाबद्दल माझं मत जरा कडक आहे. स्वतःच्या नावानं खुशाल बोला. ‘हा बरा झाला की पायी तुळजापूरला जाईल’ असा नवस दुसऱ्याच्या पायांच्या जोरावर बोलू नका. छातीचं हाड करवतीनं कापून तारेनं बांधलेलं असतं, ते सांधायला सहा ते आठ आठवडे जातात. खोकला आला की छातीशी उशी धरावी लागते. त्यात बायपासनंतर अनेकांना काही काळ उदास वाटतं, विनाकारण रडू येतं. अशा माणसाला ‘देवानं वाचवलंय आणि तू रडतोस काय’ असं ऐकवणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्याला गप्प बसवून देवाचा मान वाढत नाही.

ह्या देशात काही सोयी आहेत, त्या आपण संकोचापायी वापरत नाही. बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत चॅप्लिन असतो. तो फक्त ख्रिस्ती लोकांसाठी नसतो. शांत खोली, पोथी ठेवायला जागा, सोबत बसायला माणूस, जे लागेल ते तो बघतो. प्राणवायूमुळे खोलीत निरांजन लावता येत नाही, पण बॅटरीवरचा दिवा चालतो. सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटलांना दुभाषा फुकट द्यावा लागतो. मराठीचाही फोनवर मागता येतो. तरीही आई-वडिलांसाठी मुलगाच भाषांतर करत बसतो, आणि वाईट तेवढं गाळून सांगतो. मग त्या म्हाताऱ्या माणसानं विश्वास ठेवायचा तो नेमका कशावर? रजेचं आणखी वेगळं. 1993च्या कायद्यानं मिळणारी बारा आठवड्यांची बिनपगारी रजा जोडीदार, मूल आणि स्वतःचे आई-वडील ह्यांच्यासाठी आहे. सासू-सासरे त्यात बसत नाहीत. म्हणजे सासऱ्यांच्या उशाशी बसणारी सून ही अनेकदा स्वतःची सुट्टी मोडून बसलेली असते, हे तिला गृहीत धरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आणि इथेच मंडळाचा विषय येतो. गणेशोत्सवात आपण सहस्रावर्तनं बसवतो. कोणी किती म्हणायची, प्रसाद कोणाकडे, गाड्या कोण लावून घेणार, सगळ्याची यादी तयार असते. हीच शिस्त ऑपरेशनच्या दिवसासाठी का नको? सकाळी सहा ते दहा एकानं वेटिंग रूममध्ये बसायचं, दहा ते दोन दुसऱ्यानं. बोललंच पाहिजे असं नाही. एकानं भारतातले फोन सांभाळायचे, एकानं मुलांना शाळेतून आणायचं. पोहे नेले तर कागदी ताटल्या आणि चमचेही न्यायचे (हे अनुभवाचे बोल आहेत). ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांचं तर खास स्वागत आहे. शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय, तो जप करतोय की क्रिकेटचा स्कोअर बघतोय, ह्यानं त्या खुर्चीची किंमत कमी होत नाही.

हा प्रस्ताव मी कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे. आठवड्यातला एक दिवस मोकळा असेल, गाडी असेल आणि दोन-चार तास गप्प बसायची तयारी असेल, तर आपलं नाव, गाव आणि सोयीचा वार सचिवांकडे द्या. निवृत्त मंडळींनी आधी द्यावं.