लोकगीताचा धनी कोण?

जगाच्या पाठीवर आज क्वचितच एखादे शहर असे असेल की, जेथे 'द लायन स्लीप्स टुनाइट' या गाण्याचा सूर कोणाच्या ना कोणाच्या कानावरून गेलेला नाही. शंभराहून अधिक गायकांनी ते गायिले. डिस्ने कंपनीच्या १९९४ सालच्या 'द लायन किंग' या चित्रपटात ते आहे आणि २०१९ साली त्याच चित्रपटाची नवी आवृत्ती निघाली, तीतही ते आहे. हे गाणे ऐकताना श्रोत्याच्या मनात आफ्रिका उभी राहते. परंतु ज्या आफ्रिकन माणसाच्या गळ्यातून हा सूर प्रथम बाहेर पडला, त्या सॉलोमन लिंडाचे नाव शेकडा नव्याण्णव श्रोत्यांना ठाऊक नसते. हे अज्ञान आपोआप घडलेले नाही. ते घडवण्यात आले, त्यावर कोणाचा तरी नफा उभा राहिला आणि, सर्वांत कटू भाग म्हणजे, पुरोगामी म्हणवणाऱ्यांचा हातही त्याला अजाणता का होईना लागला. म्हणूनच हे प्रकरण समाजवादी कार्यकर्त्यांनी मुळापासून समजून घेण्याजोगे आहे.

लिंडाचा जन्म १९०९ सालचा, नाताळ प्रांतातील झुलू वस्तीतला. त्याच्या वयाला चार वर्षे झाली त्या १९१३ साली दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने जमिनीचा कायदा केला आणि बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या वाट्याला देशातील सुमारे सात टक्के जमीन ठेवली. त्या जमिनीत पोट भरणे अशक्य झाले की तरुणांनी खाणींची, कारखान्यांची आणि गोऱ्यांच्या घरांची वाट धरावी, हीच त्या कायद्यामागची योजना होती. लिंडाही बालपणी गुरे राखून १९३० नंतरच्या वर्षांत जोहान्सबर्गला आला. मजुरांच्या वसतिगृहांतून शनिवार-रविवारी गायनाच्या चढाओढी लागत. गावाकडचा सामूहिक गायनाचा ठेका आणि मिशनऱ्यांच्या चर्चमधील स्वरमेळ यांच्या मिलाफातून तेथे एक नवीच गायकी आकाराला येत होती. लिंडा आणि त्याचे सोबती 'ईव्हनिंग बर्ड्‌स' या नावाने तेथे गात. मुंबईच्या गिरणगावातील भजनी मंडळे आणि कलापथके ज्यांनी पाहिली, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

पुढे लिंडाला गॅलो या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या कारखान्यात, माल बांधण्याच्या खात्यात काम मिळाले आणि १९३९ साली त्याच कंपनीने त्याच्या मंडळीचे 'म्बुबे' हे गाणे मुद्रित केले. म्बुबे म्हणजे सिंह. लहानपणी गुरांच्या मागे असताना सिंहाला हाकलल्याच्या आठवणीतून ते निघाले होते. गाण्याच्या अखेरीस लिंडाने उत्स्फूर्तपणे उंच आवाजात एक लकेर घेतली. ती आधी बसवलेली नव्हती, पण पुढे सारे जग जो सूर गुणगुणणार होते तो हाच. तबकडी अफाट खपली. दहा वर्षांत खप लाखाच्या घरात गेला असे सांगतात. त्या पद्धतीच्या गायकीलाच लोक 'म्बुबे' म्हणू लागले. आणि गाण्याच्या हक्कापोटी लिंडाच्या हाती आले ते दहा शिलिंग. करार इंग्रजीत होता, कंपनी गोऱ्यांची होती आणि सही करणारा त्याच कंपनीचा नोकर होता. शहरात राहण्यासाठी ज्याला खिशात परवाना बाळगावा लागतो, त्या माणसाला करारातील स्वातंत्र्य किती असणार?

यानंतर ही तबकडी अमेरिकेत लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांच्याकडे आणि त्यांच्याकडून गायक पीट सीगर यांच्याकडे गेली. सीगर यांचा 'द वीव्हर्स' हा गट कामगार चळवळीच्या व्यासपीठांवरून वाढलेला होता. पुढे कम्युनिस्ट-विरोधाच्या लाटेत या गटाला काळ्या यादीत टाकण्यात आले आणि १९५५ साली सीगर यांनी अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे आपल्या मतांविषयी उत्तरे देण्यास बाणेदारपणे नकार दिला. म्हणजे ही माणसे नफेखोर नव्हती. परंतु याच गटाने १९५१ साली लिंडाचे गाणे 'विमोवे' या नावाने मुद्रित केले. मूळ झुलू शब्द तबकडीवरून नीट ऐकू आला नाही, म्हणून हा निरर्थक उच्चार त्याचे शीर्षक झाला. रचनाकाराच्या जागी 'पॉल कॅम्बेल' असे नाव छापले गेले. या नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता. जुन्या, बेवारस समजल्या जाणाऱ्या गीतांवरील स्वामित्वधन मिळवण्यासाठी गट आणि त्याचा प्रकाशक यांनी वापरात आणलेले ते टोपणनाव होते. सीगर यांनी लिंडाला एक हजार डॉलर पाठवले, त्याचा वाटा त्याला मिळत राहावा अशी इच्छाही प्रकाशकाकडे व्यक्त केली. परंतु तो मिळतो आहे किंवा नाही याचा पाठपुरावा झाला नाही. पुढे सीगर यांनी ही हयगय कबूल केली. एका खोट्या माणसाला छापील नाव मिळाले आणि खऱ्या माणसाला ते नाकारले गेले, या घटनेतील विपर्यास मात्र कबुलीने पुसला जात नाही.

१९६१ साली जॉर्ज वाइस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या सुराला इंग्रजी शब्द जोडले. 'द टोकन्स' या गोऱ्या तरुणांच्या गटाने गायिलेले ते गाणे अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर चढले. गुराख्याच्या अनुभवातला सिंह आता घनदाट जंगलात निजलेला दाखवण्यात आला. वास्तविक आफ्रिकेतील सिंह प्रामुख्याने गवताळ रानांत राहतो. पण अमेरिकन करमणुकीच्या बाजाराला आफ्रिका म्हणजे जंगल एवढेच ठाऊक होते, आणि त्या जंगलात माणसांना जागा नव्हती. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, लिंडा मूत्रपिंडाच्या विकाराने कंगाल अवस्थेत मरण पावला. त्याच्या थडग्यावर दगड बसण्यास आणखी अठरा वर्षे जावी लागली. त्याच्या विधवेच्या आणि मुलींच्या सह्याही पुढे वेळोवेळी कागदांवर घेण्यात आल्या.

रियान मलान या दक्षिण आफ्रिकन पत्रकाराने २००० साली हे सारे प्रकरण खणून काढले. या गाण्याने तोवर सुमारे दीड कोटी डॉलर स्वामित्वधन मिळवले असावे, असा अंदाज त्याने मांडला. त्यानंतर कुटुंबाच्या वतीने वकिलांनी १९११ सालचा ब्रिटिश साम्राज्याचा स्वामित्वहक्क कायदा उघडला. रचनाकाराने हक्क विकले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी ते वारसांकडे परत येतात, अशी त्यात तरतूद होती. म्हणजे १९८७ पासून पूर्वीच्या ब्रिटिश साम्राज्याच्या प्रदेशांपुरते तरी हे गाणे लिंडाच्या मुलींचे होते. त्यांना कोणी सांगितले नव्हते इतकेच. २००४ साली प्रिटोरियाच्या न्यायालयात डिस्नेविरुद्ध दावा दाखल झाला, कंपनीच्या दक्षिण आफ्रिकेतील व्यापारचिन्हांवर टाच आली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये तडजोड झाली. मागील वापराची भरपाई, पुढील उत्पन्नात वाटा आणि सहरचनाकार म्हणून लिंडाच्या नावाची मान्यता कुटुंबाला मिळाली. रकमेचा आकडा गुप्त ठेवण्यात आला. न्याय मिळाला खरा, पण सदुसष्ट वर्षांनी, आणि ज्याला मिळावयाचा त्याच्या पश्चात.

या सगळ्या व्यवहाराच्या मुळाशी एक शब्द आहे: 'लोकगीत'. गोऱ्या माणसाने न्यूयॉर्कमध्ये बसून चाल बांधली तर ती रचना ठरते आणि तिला रचनाकार असतो. काळ्या मजुराने जोहान्सबर्गमध्ये बसून चाल बांधली तर ती परंपरा ठरते आणि परंपरेला मालक नसतो. लिंडाच्या तबकडीवर गाणाऱ्यांचे नाव छापलेले होते, कंपनीचा पत्ता ठाऊक होता, गायक हयात होता. तरीही तिचा उगम आफ्रिकेच्या अंधुक भूतकाळात आहे असे मानणे सर्वांना सोयीचे वाटले. वंशभेद म्हणजे केवळ वेगळा बाक आणि वेगळा नळ नव्हे. कोणाच्या निर्मितीला बुद्धीचे फळ समजावयाचे आणि कोणाच्या निर्मितीला निसर्गाची देणगी, हा निवाडाही वंशभेदच करतो. खाणीतील सोने आणि गळ्यातील सूर यांत त्या दृष्टीने फरक नसतो. दोन्ही गोष्टी जमिनीतच सापडल्या असे समजून उचलावयाच्या असतात.

येथे एखादा निष्ठावंत कार्यकर्ता आक्षेप घेईल. कला ही समाजाची संपत्ती आहे. सुरावर मालकी सांगणे हाच मुळी भांडवली विचार नव्हे काय? मग लिंडाच्या वारसांसाठी स्वामित्वहक्काचा कैवार समाजवाद्यांनी का घ्यावा? आक्षेप प्रामाणिक आहे, परंतु तो वस्तुस्थितीवर टिकत नाही. लिंडाचे गाणे सार्वजनिक मालकीचे एक दिवसही नव्हते. ते प्रथम गॅलोचे होते, नंतर न्यूयॉर्कच्या प्रकाशकांचे होते, आणि डिस्नेने त्याचा वापर केला तोही रीतसर परवाना घेऊनच. प्रत्येक टप्प्यावर खाजगी मालकी काटेकोरपणे पाळली गेली. ती नाकारली गेली फक्त निर्मात्याच्या बाबतीत. गावाची गायराने 'सर्वांची' म्हणून मोकळी ठेवावीत आणि पुढे ती एकाच्या नावावर चढावीत, हा प्रकार महाराष्ट्रातील शेतमजुराला नवा नाही. श्रमाचे फळ श्रमणाऱ्याला, हे तत्त्व कापडाला आणि उसाला लागू आहे तसेच गाण्यालाही आहे.

महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हा वर्ण आणि वंश यांवर उभ्या असलेल्या दोन दास्यांतील साम्य त्यांनी ओळखले होते. तीच दृष्टी येथेही वापरली पाहिजे. महाराष्ट्रातही 'पारंपरिक' या शब्दाखाली किती शाहिरांची, किती लावणीकारांची, किती बायकांची नावे गाडली गेली याचा हिशेब अद्याप व्हावयाचा आहे. २०१२ साली संसदेने स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती करून चित्रपटांचे गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनाचा हक्क निर्मात्यांना लिहून घेता येणार नाही अशी व्यवस्था केली, हे योग्यच झाले. परंतु ज्याचे नावच कोठे नोंदलेले नाही, त्या गायकाला त्या दुरुस्तीचा उपयोग कोणता?

हे काम करता येते, याचा दाखलाही महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी पुण्यात राहून, डोंगरी भागातील कष्टकऱ्यांच्या संघटनेचे काम करता करता, जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या कामातून हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा राहिला. त्या ओव्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत. त्यांना एक रचनाकार नाही, हे खरेच आहे. तरीही या संग्रहात ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवले गेले. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या उपक्रमातून त्या लोकांसमोर येत आहेत, आणि दळणाऱ्या बाया तेथे आपल्या नावानिशी उभ्या आहेत. परंपरेचा मान राखूनही माणसाचे नाव राखता येते, एवढे या कामाने सिद्ध केले आहे.

तेव्हा चळवळीने सुरुवात आपल्या घरापासून करावी. शिबिरांत, मोर्चांत, प्रभातफेऱ्यांत जी गाणी गायिली जातात, त्यांच्या पुस्तिका उघडून पाहाव्यात. ज्या गीताखाली 'लोकगीत' किंवा 'चळवळीतील गीत' एवढेच छापले असेल, तेथे ते प्रथम कोणी रचले, कोणत्या गावात, कोणत्या लढ्यात गायिले, याची चौकशी जुन्या कार्यकर्त्यांकडे ते हयात आहेत तोवर करावी. नाव सापडले तर पुढील आवृत्तीत छापावे, आणि पुस्तिका विकली जात असेल तर त्या माणसाचा किंवा त्याच्या वारसांचा वाटा न मागता पोचवावा. पीट सीगर यांच्या हेतूत खोट नव्हती. त्यांच्याकडून राहून गेला तो पाठपुरावा. सद्‌हेतू पुरेसा मानून स्वस्थ बसणाऱ्यांनी लिंडाच्या थडग्यावर अठरा वर्षे दगड नव्हता, हे विसरू नये.