चार पोरं, एक सतरंजी

यंदा घरीच शाळा मांडायची ठरवली असेल, तर आधी एक समज डोक्यातून काढा: चार पोरं म्हणजे चार वर्ग. हा समज धरून बसलात तर पोळ्याच्या आत तुम्ही थकाल, पोरं कंटाळतील आणि वह्या माळ्यावर जातील.

हे मी बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या तुकईथड, देडतलाई, खकनार या पट्ट्यातल्या घरांसाठी लिहिते आहे. इथलं पोर शाळेत हिंदी वाचतं, घरी मराठी बोलतं आणि कोरकू दोस्तांकडून तिसरी भाषा उचलतं. कोणी पोरांना पूर्ण घरीच शिकवायचं म्हणत असेल, कोणी शाळा चालू ठेवून मराठी आणि गणित घरी पक्कं करायचं म्हणत असेल. सांगणं दोघांनाही आहे.

घरची शाळा आपल्याला अगदीच नवी नाही. कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा मध्य प्रदेश सरकारने जुलै 2020 मध्ये ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ सुरू केलं. पहिली ते आठवीच्या पोरांना सकाळी दहाला थाळी वाजवून बसवायचं, एकपर्यंत अभ्यास, संध्याकाळी घरातल्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी. थाळी वाजवणं सोपं. ती वाजल्यावर पहिलीतला, चौथीतली, सहावीतला आणि आठवीतली एकाच सतरंजीवर येऊन बसतात, खरी पंचाईत तिथे सुरू होते.

त्यावर माझा उपाय असा. दिवसाचा पहिला तास सगळ्यांचा मिळून ठेवा. विषय एक, काम ज्याच्या त्याच्या वयाचं. तुकईथडला विषय शोधायला गावाबाहेर जावं लागत नाही. इथून जाणारी मीटर गेजची गाडी ब्रॉड गेजच्या कामासाठी 2017 च्या सुरुवातीला बंद झाली, तिच्याबद्दल आजोबांना विचारा. मग अंगणात फक्कीने एक लांब रेघ ओढा. तिच्यापासून 1000 मिलिमीटरवर दुसरी, 1676 वर तिसरी. पहिल्या दोन रेघांमधलं अंतर मीटर गेजचं, पहिली आणि तिसरी मिळून ब्रॉड गेजचं. धाकटा दोन्ही अंतरं पावलांनी मोजेल. चौथीतली टेपने मोजून सेंटिमीटरमध्ये लिहील. सहावीतला फरक काढेल, 676, आणि त्याचे मीटर करेल. आठवीतली नकाशा उघडून खंडवा ते अकोला जुनी लाइन मेळघाटातून कशी जात होती ते बघेल आणि नवी लाइन वाघांच्या जंगलाबाहेरून का न्यायची, यावर दोन्ही बाजूंनी दहा ओळी लिहील. आजोबा गाडीत कायकाय भरून अकोल्याला नेत, ते ज्याचं अक्षर चांगलं त्याने मराठीत उतरवून घ्यावं. फक्की पुसली जाईपर्यंत पोरं त्या रेघांवर गाडी-गाडी खेळतील. खेळू द्या.

तापी असाच विषय आहे. मुलताईला उगम, सुरतेजवळ समुद्र. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडाराही तसाच, 1615 च्या सुमाराचा, जमिनीखालून शहराला पाणी पोचवणारा. एकेक विषय पंधरा दिवस सहज पुरतो.

गणित आणि वाचन मात्र एकेकट्याचं घ्या. प्रत्येकाला वीस मिनिटं पुष्कळ झाली, पण ती त्याची एकट्याची हवीत. एकाला घेऊन बसाल तेव्हा बाकीच्यांच्या हाताला लिहायचं, चित्राचं, नाहीतर शेंगा सोलायचं काम असू द्या. मोबाइल देऊन गप्प बसवलंत तर पुढच्याची पाळी आल्यावर तो उठणार नाही.

आता थोरल्या मुलीबद्दल, कारण इथेच जास्त घसरायला होतं. आई वावरात गेली की धाकट्यांचा अभ्यास तिच्या गळ्यात पडतो. पाणी, भाकरी, लहानग्याला सांभाळणं हे आधीच असतं, वरून मास्तरकी. तिने धाकट्याला आठवड्यात दोनदा गोष्ट वाचून दाखवावी, तिचंही वाचन होतं. त्याहून जास्त नको. तिची वीस मिनिटं सर्वांत आधी घ्या, चूल पेटायच्या आत. उरलेल्या वेळात बघू म्हणालात तर तो वेळ तिला मिळतच नाही.

वेळापत्रक भिंतीवरचं नको, हंगामाचं करा. मध्य प्रदेशात सत्र 1 एप्रिलला सुरू होतं, महाराष्ट्रात जूनमध्ये. पूर्ण घरी शिकवणाऱ्याला दोन्ही बंधनं नाहीत. पेरणी उरकली की सुरू करा. श्रावण-भादव्यात झडीमुळे सगळे घरातच असतात, जड विषय तेव्हाच उरकून घ्या. कापसाची वेचणी लागली की अर्धा दिवस. उन्हाळ्यात सकाळी सहा ते नऊ. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला पाहिलं की आदिवासी पोरं ढोरांमागे रानात जातात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. तसं जमेल तिथे करा. पण वेचणीला नेलेला दिवस ‘व्यवहारज्ञान’ म्हणून वहीत चढवू नका. काम झालं, अभ्यास झाला नाही, एवढंच लिहा.

कागदांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. 2009 चा शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं पालकाचं कर्तव्य म्हणतो. न घातल्यास शिक्षा त्यात लिहिलेली नाही, पण नाव काढण्याआधी हिशोब करा: मध्यान्ह भोजन, सरकारी पुस्तकं, गणवेश, शिष्यवृत्ती सुटते. ज्या घरी दुपारचं ताट त्या भोजनावर भागतं, त्यांनी शाळा सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी काढलंच तर दाखला, जन्माचा कागद आणि समग्र आयडी एका पिशवीत ठेवा. पुढे परत शाळेत घालायचं झालं तर वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क याच कायद्यात आहे. दहावीला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (NIOS) आहे, त्यासाठी वय 14 पूर्ण लागतं. एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, आणि पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. शेतावरच्या पोरांना ही सवलत फार सोयीची.

मराठी पुस्तकांसाठी बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं मोबाइलवर फुकट उतरवता येतात. चौघांना चार संच कशाला? वाचनाची दोन पुस्तकं छापून आणा. थोरलीचं झालं की धाकट्याकडे जाईल.

आणि पहिल्या आठवड्यात धडा पहिला उघडू नका. एकेकाला जवळ घेऊन वर्तमानपत्रातल्या चार ओळी वाचायला लावा, हातच्याची एक वजाबाकी आणि एक भागाकार घाला. आठवीतल्या पोराची वजाबाकी अडली तर तिथूनच सुरू करा, पण त्याची वीस मिनिटं धाकटी आजूबाजूला नसताना घ्या.