तास संपल्यानंतरची आठ मिनिटे

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मागणीची लवचीकता शिकवली जाते. फळ्यावर आलेख निघतो, व्याख्या वहीत उतरते आणि तास संपतो. लासलगावचा कांदा दुप्पट महागला तरी घरातली खरेदी निम्म्यावर का येत नाही, इथून सुरुवात करून प्राध्यापकांनी हीच गोष्ट आठ मिनिटांच्या पॉडकास्टमध्ये उलगडली, तर कळवणहून नाशिकला एसटीने ये-जा करणारी विद्यार्थिनी ती वाटेत ऐकेल. अडले तिथे मागे नेऊन पुन्हा ऐकेल. भर वर्गात 'सर, परत सांगा' म्हणायचा धीर अनेकांना होत नाही. फाइल जेमतेम चार एमबीची. एकदा उतरवून घेतली की घाटात रेंज गेली तरी अडत नाही. शिवाय क्रमिक पुस्तकातले जड मराठी बोलण्यात आपोआप सैल होते.

पॉडकास्टने हेच काम करावे. अख्खे व्याख्यान ध्वनिमुद्रित करून ॲपवर चढवण्याने ते साधत नाही. नुसते उपकरण हाती देऊनही साधत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २००४ मध्ये पहिल्या वर्षाच्या सोळाशेहून अधिक विद्यार्थ्यांना आयपॉड वाटले होते. पुढच्याच वर्षी धोरण बदलले आणि ज्या विषयांत प्राध्यापक त्याचा वापर करणार, तिथल्याच विद्यार्थ्यांना ते देण्याचे ठरले.

आपल्याकडे फोन विद्यार्थ्यांच्या खिशात आहेच. प्रश्न प्राध्यापकांचा आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना मानधन मिळते ते वर्गात घेतलेल्या तासाचे. संहिता लिहिणे, बोलणे, चुका कापणे यात गेलेला वेळ कुठल्याच बिलात बसत नाही. वर्षानुवर्षे पदे रिक्त ठेवणाऱ्या व्यवस्थेत, एकदा आवाज साठवला की माणूस नको, हा हिशेबही कोणी मांडू शकेल. त्याला आमचा ठाम विरोध आहे. शंका विचारायला समोर माणूस लागतोच.

पुणे विद्यापीठाकडे 'विद्यावाणी' हे स्वतःचे रेडिओ केंद्र आहे. अशा केंद्रांचे ध्वनिमुद्रण कक्ष संलग्न महाविद्यालयांतील प्राध्यापकांना खुले करावेत आणि तयार झालेला प्रत्येक भाग एक तासिका धरून त्याचे मानधन द्यावे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक भागाची लिखित प्रत सोबत हवी. विद्यापीठांनी येत्या जूनपूर्वी निदान पहिल्या वर्षाच्या अवघड घटकांपासून तरी सुरुवात करावी.