यामा गेम शे का?

कळसाडीत आमच्या घराच्या ओट्याला लागून एक खोली आहे. पूर्वी तिथे कापूस भरून ठेवत असू. तीन वर्षांपूर्वी ती रिकामी केली, चुना मारला आणि तिथे सहा जुने कॉम्प्युटर मांडले. पुण्यात मी नोकरीला होतो तिथून भंगारात निघालेले डबे होते. प्रत्येकात चार जीबी रॅम, दहा-बारा वर्षं जुना प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सगळ्यांवर मी लिनक्स टाकलं. मराठी फॉन्ट, मराठी कीबोर्ड, लिब्रेऑफिस, जिओजेब्रा, इंटरनेटशिवाय वाचता येणारा विकिपीडिया, सगळं व्यवस्थित बसवलं. आईने नारळ फोडला. पेढे शहाद्याहून आणले होते.

पहिल्या संध्याकाळी वीसेक पोरं आली. मी पंधरा मिनिटं बोललो: हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आपल्या मालकीचं आहे, कुठल्या कंपनीचे उपकार नाहीत, वगैरे. सहावीतल्या एका पोराने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, यामा गेम शे का?"

मी हसलो. म्हणालो, "अरे, हे खेळण्यासाठी नाही, शिकण्यासाठी आहे."

पंधरा दिवसांनी खोलीत तीन पोरं उरली होती. त्यातली दोन माझ्या चुलतभावाची, म्हणजे त्यांना येणं भागच होतं.

हा लेख माझ्या त्या हसण्याविरुद्ध आहे. आणि ते हसणं माझ्या एकट्याचं नाही, म्हणून इथे लिहितो आहे. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं, शिक्षणवाल्यांचं आणि मराठीवाल्यांचंही ते हसणं आहे. खेळ म्हणजे चैन, आधी गंभीर कामं होऊ देत, खेळांचं नंतर बघू, असं ही तिन्ही मंडळी मानतात. माझं म्हणणं उलट आहे. जी यंत्रणा लोकांनी आपलीशी करावी असं तुम्हाला वाटतं, तिच्यावर खेळ आणणं हे पहिल्या दिवसाचं काम आहे. ते न केल्यामुळेच ती यंत्रणा 'कमी लोकांची' राहते.

आधी स्वतःचाच पुरावा देतो. मी कॉम्प्युटर शिकलो तो कुठल्या कोर्समध्ये नाही. कोर्समध्ये मी पत्राला मार्जिन द्यायला शिकलो. कॉम्प्युटर शिकलो तो 'रोड रॅश' आणि 'व्हाइस सिटी'च्या चोरीच्या सीडींमुळे. गेम चालत नाही म्हणून डायरेक्टएक्स म्हणजे काय ते शोधलं. क्रॅकची फाइल कुठल्या फोल्डरात टाकायची हे शोधताना फोल्डर म्हणजे काय ते कळलं. रॅम कमी पडते म्हणून डबा उघडून पट्टी बदलली. आमच्या पिढीच्या कितीतरी इंजिनियरांची बाराखडी ही अशी आहे, फक्त बायोडेटात ती कुणी लिहीत नाही.

याचा एक परिणाम आम्ही कधी मोजला नाही. 'कॉम्प्युटर' या शब्दाचा अर्थ आमच्या डोक्यात 'विंडोज' असा पक्का झाला तो त्याच सीडींमुळे. गावोगावी विंडोज कुणी विकत घेऊन निवडलेलं नव्हतं. ते चोरून आलं, आणि खेळांच्या खांद्यावर बसून आलं. नंतर आम्ही लिनक्सवाले स्वातंत्र्याची पत्रकं घेऊन पोचलो तेव्हा जागा भरलेली होती. लोक गुलामीच्या आवडीने तिकडे गेले असं आम्ही समजत होतो. लोक खेळायला गेले होते.

लिनक्सच्या जगात हे ओळखणारी माणसं सुरुवातीपासून होती. 'डूम' हा खेळ १९९३ अखेर आला आणि १९९४ मध्येच त्याच कंपनीतल्या डेव्ह टेलरने तो लिनक्सवर आणला. १९९७ मध्ये 'डूम'चा सोर्स कोड खुला झाला तो याच लिनक्स आवृत्तीचा. आज कुठल्याही विचित्र यंत्रावर 'डूम' चालवून दाखवण्याची जी गंमत चालते तिचं मूळ तिथे आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी निघाली. दुसऱ्यांचे विंडोजवरचे खेळ परवाना घेऊन लिनक्सवर आणायचे, एवढाच तिचा धंदा. १९९९ मध्ये तिने 'सिव्हिलायझेशन : कॉल टू पॉवर' आणला, पुढे आणखी बरेच. जानेवारी २००२ मध्ये कंपनी बंद पडली. लिनक्सवर खेळ विकले जात नाहीत, हा निष्कर्ष सगळ्यांनी काढला.

पण त्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सांगायचा राहतो. चित्र, आवाज, कीबोर्ड, जॉयस्टिक यांच्याशी कुठल्याही यंत्रणेवर एकाच रीतीने बोलता यावं म्हणून सॅम लँटिंगाने १९९८ मध्ये एसडीएल नावाचं संच-साहित्य लिहायला घेतलं. तोच पुढे लोकीचा मुख्य प्रोग्रामर झाला. लोकी गेली, एसडीएल राहिलं, आणि आज विंडोजपासून अँड्रॉइडपर्यंत असंख्य खेळ त्याच्यावर उभे आहेत. कमी लोकांच्या यंत्रणेसाठी केलेलं काम धंदा म्हणून बुडालं आणि पाया म्हणून सगळ्यांना पुरलं. हिशेब कुठल्या वहीत मांडायचा हे आपल्याला ठरवता आलं पाहिजे.

आता कुणी जाणकार म्हणेल, हे जुनं झालं. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं 'वाइन' १९९३ पासून आहे. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये त्यावर 'प्रोटॉन' रचलं, २०२२ मध्ये 'स्टीम डेक' आणलं, आता विंडोजचे हजारो खेळ लिनक्सवर बिनतक्रार चालतात. प्रश्न सुटला.

कुणाचा सुटला? प्रोटॉनला व्हल्कन चालवू शकणारी ग्राफिक्स चिप लागते. माझ्या खोलीतल्या डब्यांत ती नाही. जिल्ह्यातल्या शाळांत धूळ खात पडलेल्या माझ्यासारख्याच जुन्या डब्यांतही ती नसणार. ज्यांच्याकडे महागडं यंत्र आहे आणि आवड म्हणून लिनक्स आहे त्यांचा प्रश्न प्रोटॉनने सोडवला, आणि छान सोडवला. मी स्वतः पुण्यात असताना त्यावर रात्री जागवल्या आहेत. पण त्यातही सत्ता कुणाची ते पाहा. 'एपेक्स लेजंड्स' २०२२ पासून लिनक्सवर चालत होता. २०२४ मध्ये फसवेगिरीचं कारण देऊन त्याच्या कंपनीने लिनक्सवाल्यांना दार बंद केलं. दुसऱ्याच्या घरातलं जेवण आपल्या ताटात वाढून घेण्याची ही सोय आहे. वाढणाऱ्याने हात आखडला की ताट रिकामं.

मग आमच्यासारख्यांसाठी कुणी विचारच केला नाही का? केला होता. गरीब देशांतल्या मुलांसाठी 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' ही योजना निघाली. तिचा हिरवा-पांढरा लॅपटॉप लिनक्सवर चालायचा, रॅम फक्त २५६ एमबी. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ही योजना शैक्षणिकदृष्ट्या शंकास्पद ठरवून नाकारली. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत ते लॅपटॉप प्रयोगासाठी आले. त्याच सुमारास इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने १९८९ चा मूळ 'सिमसिटी' हा शहर वसवण्याचा खेळ या लॅपटॉपसाठी देऊन टाकला, आणि जानेवारी २००८ मध्ये तो 'मायक्रोपोलिस' या नावाने, सोर्स कोडसकट, मुक्त परवान्याखाली खुला झाला. म्हणजे पाड्यावरचं पोर शहर वसवेल, कर लावेल, वीज कमी पडली की लोक का चिडतात ते पाहील, आणि वाटलं तर खेळाचे नियमच उघडून बदलेल. शिक्षणाबद्दलच्या शंभर परिपत्रकांत एवढी कल्पना नसते.

त्या योजनेवर टीका करण्यासारखं पुष्कळ होतं. शिक्षकांना बाजूला ठेवून यंत्र वाटण्याचा तिचा भाबडेपणा मला मान्य नाही. पण खेळ आधी, हे तिला बरोबर कळलं होतं. आपण योजना नाकारली ते एक वेळ ठीक. तो खुला झालेला 'मायक्रोपोलिस' मराठीत आणायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

इथे मी माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. गेल्या वर्षी मी हट्टाला पेटलो आणि एक छोटा मुक्त खेळ मराठीत करायला घेतला. शब्द साडेतीनशे, दोन रात्रींचं काम. फाइल टाकली, खेळ सुरू केला, आणि पडद्यावर 'किल्ला' शब्दाची पहिली वेलांटी क च्या पुढे जाऊन बसली, ल्ल तुटून हलंत ल आणि ल झाला. 'क्ष' तर ओळखूच येईना. कारण सोपं आहे. खेळ अक्षरं एकामागून एक चिकटवत जातो. इंग्रजीला ते पुरतं. देवनागरीत वेलांटी मागे जाते, जोडाक्षर नवा आकार घेतं. ती जुळणी करणारा हार्फबझ नावाचा वेगळा भाग लागतो. तो वर्षानुवर्षं फुकट उपलब्ध आहे. पण एसडीएलच्या अक्षरं काढणाऱ्या जोडभागात त्याची नीट सोय आली २०२२ मध्ये. खेळ बनवायच्या 'गोडो' या मुक्त साधनात आली २०२३ मध्ये. ब्राउझर आणि ऑफिसची कामं याच्या कितीतरी आधी देवनागरीत नीट होत होती. खेळ मात्र मागे राहिले, कारण तक्रार करायला कुणी गेलंच नाही.

म्हणजे कमी लोकांची यंत्रणा लिनक्स हीच नव्हे. खेळांच्या जगात मराठी हीच एक कमी लोकांची यंत्रणा आहे, आणि लिनक्ससारखंच तिच्या राखणदारांनी तिला गंभीर कामांसाठी राखून ठेवलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी अभिजात झाली. सोहळे झाले, फलक लागले. माझ्या पडद्यावर 'किल्ला' मोडलेलाच होता.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही घरातलेच आहेत. पहिला वडिलांचा: पोरं आधीच मोबाइलमध्ये घुसलेली, त्यात तू आणखी खेळ आणतोस. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. पैसे लावायच्या खेळांपायी कापसाचे पैसे गेलेली घरं मला माहीत आहेत. २०२५ मध्ये केंद्राला त्यावर बंदीचा कायदा करावा लागला. पण मोबाइलवरचा खेळ पोराला उघडता येत नाही. त्याच्याकडून वेळ, पैसा आणि माहिती काढून घेण्यासाठीच तो बांधलेला असतो. मी म्हणतो ते खेळ वेगळे. दुसरा आक्षेप माझ्या लिनक्सवाल्या मित्रांचा: खेळासाठी आलेली पोरं खेळूनच जातील, शिकणार काय?

त्याचं उत्तर खोलीत मिळालं. पहिल्या फजितीनंतर मी 'सुपरटक्सकार्ट', 'ओपनटीटीडी' आणि 'बॅटल फॉर वेस्नॉथ' टाकले. पोरं परत आली, आधीपेक्षा जास्त. 'वेस्नॉथ' हा बुद्धिबळासारखा आळीपाळीने खेळायचा लढाईचा खेळ आहे. जुन्या डब्यावर सहज चालतो. त्यातल्या प्रत्येक सैनिकाचा दम, हत्यार, किंमत साध्या मजकुराच्या फायलीत लिहिलेली असते. आठवीतली एक मुलगी सतत हरत होती. मी तिला ती फाइल दाखवली. तिने तिच्या भालेवाल्याचा दम दसपट केला, सेव्ह केलं आणि भावाला हरवलं. भाऊ ओरडला, ही चोरी आहे. मग त्यानेही फाइल उघडली. तासाभरात खेळाची पार वाट लागली, कुणीच मरेना. तेव्हा तीच म्हणाली, आकडे परत पहिल्यासारखे कर, यात मजा नाही. नियम का असतात, हे मला पंधरा मिनिटांच्या भाषणात सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि विचारू लागली, अजून कुठल्या फायली उघडतात. आता एका पोराला 'सुपरटक्सकार्ट'मध्ये तोरणमाळचा घाट हवा आहे. मला तो करता येत नाही. त्यासाठी ब्लेंडर यायला पाहिजे. तो ब्लेंडर शिकतो आहे, वीज असेल तेव्हा.

आमच्या जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. पंतप्रधान आले होते. डिजिटल भारत आमच्याकडे आला तो असा, अंगठा मागत. नंतरही तो फॉर्म, केवायसी आणि ओटीपी घेऊनच येत राहिला. यंत्रासमोर नोंद करून घ्यायला उभं राहायचं, एवढंच आमच्या माणसांना ठाऊक. यंत्राशी मस्ती करायची असते, ते मोडायचं आणि परत जोडायचं असतं, हे त्यांना कोण सांगणार?

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ जुन्या यंत्रांना घेत नाही. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतून चांगली चालणारी यंत्रं भंगारात निघत आहेत. ती गावांत येतील, लिनक्सवरच येतील, कारण दुसरा मार्ग नाही. त्यांच्यासोबत आम्ही परत भाषणं पाठवणार असू तर तो कापूसच बरा होता.

म्हणून पुण्यातल्या, बंगळुरातल्या, परदेशातल्या मराठी प्रोग्रामरांकडे माझं मागणं आहे. व्याख्यानं नकोत, देणगीही नको. एक मुक्त खेळ निवडा. तो जुन्या यंत्रावर चालतो का पाहा. मराठी टाकून बघा, वेलांटी कुठे जाते ते तपासा, आणि मोडली तर दुरुस्त करून मूळ प्रकल्पाला पाठवा. माझे साडेतीनशे शब्द तयार आहेत. अहिराणीचेही निम्मे झाले आहेत. ते पोरांनीच केले.