भाड्याच्या होडीसाठी फिश फाइंडर घेताय? स्क्रीनच्या आधी सेन्सर बघा

सुट्टीत कोकणात भाड्याच्या होडीतून गरवायला जायचं ठरलं, की स्वस्तातल्या फिश फाइंडरची शोधाशोध सुरू होते. तुलना होते ती स्क्रीनच्या इंचांची. खरा प्रश्न वेगळा आहे: ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनी टिपणारा सेन्सर, बसवणार कुठे?

होडी दुसऱ्याची. तिला स्क्रू मारू देणार कोण? सक्शन कप गुळगुळीत फायबरवर धरतो, लाकडी होडीच्या खरखरीत फळीवर सुटतो. तिथे क्लॅम्प किंवा काठीला घट्ट बांधलेला सेन्सर बरा. त्याच्याखाली बुडबुडे आले की चित्र गेलंच.

दोरीला बांधून फेकायचा तरंगता सेन्सर सर्वांत सुटसुटीत. तो स्वतःच्या वाय-फायने मोबाइलला जोडला जातो, त्यामुळे रेंज लागत नाही. होडी वेगात असताना मात्र त्याचा उपयोग नाही. शिवाय मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते, आणि बंद फोनवरून मदत मागता येत नाही. पॉवर बँक हवीच.

शंभर मीटर खोलीच्या दाव्यासाठी जादा पैसे कशाला? खाडीत त्याची गरजच पडत नाही. झोताचा कोन बघावा: २० अंशांचा झोत १० मीटर खाली जेमतेम साडेतीन मीटर रुंदीचा तळ दाखवतो. माशांची चित्रं दाखवणारा मोड तर बंदच ठेवावा. त्यात शेवाळ आणि बुडबुडेही मासे होतात. यंत्रावर तळाचा उतार आणि खडक बघावेत, बाकीचं होडीवाल्याला विचारावं.