विमानतळावरची झडती आणि आपला खिसा



कामरगावहून मुंबईला जायचे तर आजवर आपल्याला रेल्वे आणि ट्रॅव्हल्सच ठाऊक. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान सुरू झाले आणि विमानतळावरची झडती हा आपल्याही घरचा विषय झाला.

ही झडती उगाच आलेली नाही. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानात बॉम्बस्फोट होऊन ३२९ माणसे मेली. बॉम्बची बॅग विमानात चढली होती, तिचा मालक चढलाच नव्हता. म्हणून आज प्रवासी आला नाही, तर त्याची बॅगही उतरवतात. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान कंदाहारला पळवले गेले. त्यानंतर २००० सालापासून विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल येऊ लागले. माणसांचा जीव वाचत असेल तर झडतीला आमचा विरोध नाही.

प्रश्न आहे तो खर्चाचा. एप्रिल २०२१ मध्ये देशांतर्गत प्रवासाचे सुरक्षा शुल्क माणशी २०० रुपये ठरले. ते तिकिटातच घेतात. तिकीट दोन हजारांचे असो की वीस हजारांचे, रक्कम तीच. पैसेवाल्याला ती जाणवत नाही. चौघांच्या मजूर कुटुंबाचे मात्र ८०० रुपये जातात. 'उडान' योजनेतल्या छोट्या विमानतळांना तर राज्य सरकारने सुरक्षा विनामूल्य पुरवायची असते. म्हणजे जो कधी विमानात बसला नाही, तोही करातून हा भार उचलतो.

दुसरा खर्च वेळेचा. अमेरिकेत २००१ च्या हल्ल्यानंतर सर्व सामानाची तपासणी सुरू झाली. त्यामुळे प्रवासी सुमारे ६ टक्क्यांनी घटले, असे कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००७ साली मांडले. प्रवासी घटले की हमाल, रिक्षावाला, चहावाला यांचीही कमाई घटते. लांबच्या प्रवासात तासभराची रांग खपून जाते. अमरावती-मुंबईसारख्या जवळच्या प्रवासात तीच रांग विमानाचा फायदा खाऊन टाकते.

म्हणून आमचे म्हणणे असे: झडती कडक ठेवा, पण शुल्क तिकिटाच्या प्रमाणात घ्या. तपासणीला माणसे पुरेशी द्या आणि सूचना मराठीत, ठळक अक्षरांत लावा.

आपणही ओळखपत्र हाताशी ठेवावे. पॉवर बँक जवळच्या पिशवीत, कात्री-अडकित्ता मोठ्या बॅगेत ठेवावा. सुके खोबरे घरीच राहू द्यावे. आणि झडती देताना संकोच नको. राष्ट्रपती-पंतप्रधानांसारखे यादीतले मोजके लोक सोडले, तर ती सर्वांचीच होते.