दूरचित्रवाणी संचाची परीक्षा टेपने घ्या!

दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे पैसे हाती येतात आणि परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड येथील दूरचित्रवाणी संचांच्या दुकानांपुढे गर्दी दिसू लागते. अलीकडे ही खरेदी केवळ घरासाठी होत नाही. २०१५ नंतर ‘डिजिटल शाळा’ ही कल्पना महाराष्ट्रात रुजली आणि अनेक गावांनी लोकवर्गणी जमवून जिल्हा परिषदेच्या शाळांत संच बसवले. घर असो की शाळा, मध्यम किमतीच्या संचासाठी मोजावे लागणारे वीस-तीस हजार रुपये ही काही लहान रक्कम नव्हे. ती खर्च करताना निर्णय कशावरून घेतला जातो? बहुधा दोनच गोष्टींवरून : खोक्यावर छापलेले आकडे आणि दुकानात दिसणारा झगमगाट.

आमच्या मते ही दोन्ही प्रमाणे अपुरी आहेत. चित्राचा दर्जा एकट्या संचावर ठरत नाही. संच, त्यात येणारे प्रसारण, खोलीतील उजेड आणि पाहणाऱ्याचा डोळा या चौघांनी मिळून तो ठरतो. यांपैकी पहिला तेवढा दुकानात भेटतो. बाकीचे तिघे आपल्या घरी असतात. या तिघांची मोजदाद करण्यास नववी-दहावीचे गणित आणि सुताराची टेप पुरेशी आहे. म्हणून खरेदीपूर्वीची खरी परीक्षा घरी घ्यावी, आणि ती घरातील विद्यार्थ्याने घ्यावी.

विद्यार्थी मित्रहो, ही परीक्षा कशी घ्यायची ते आता क्रमाने पाहू.

बिंदूंचा हिशेब

आजच्या संचाचा पडदा असंख्य सूक्ष्म चित्रबिंदूंचा, म्हणजेच पिक्सेलांचा, बनलेला असतो. ‘फोर-के’ संचात आडव्या ओळीत ३,८४० बिंदू असतात आणि अशा २,१६० ओळी असतात. गुणाकार केला तर ८२,९४,४०० बिंदू होतात. ‘फुल एचडी’ संचात १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू भरतात.

आता प्रसारणाकडे वळू. आपल्या जिल्ह्यातील बऱ्याच घरांवर मासिक शुल्क नसलेल्या ‘डीडी फ्री डिश’ची छत्री दिसते. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. तिच्यावरील बहुतेक वाहिन्या साध्या प्रतीच्या आहेत, म्हणजे एका चित्रात जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६ बिंदू. गुणाकार ४,१४,७२०. या संख्येने फोर-के संचातील बिंदूंना भागून पाहा. उत्तर बरोबर २० येते! याचा अर्थ असा, की पडद्यावरील दर २० बिंदूंपैकी फक्त एकाची माहिती आकाशातून येते. उरलेले १९ बिंदू संचातील संगणक शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरतो. फुल एचडी संचात हेच प्रमाण पाचास एक असते.

हा अंदाज चांगल्या संचात चांगला आणि सुमार संचात सुमार असतो. पण हे अंदाज भरण्याचे कौशल्य किती आहे, याचा आकडा खोक्यावर कोठेच नसतो. दुकानात मात्र खास फोर-केमध्ये चित्रित केलेली फुले, पक्षी आणि समुद्र दाखवतात. दुकानदार खोटे बोलत नसतो. तो संचाला सोपा पेपर देत असतो, इतकेच.

डोळा किती पाहतो?

१८६२ मध्ये नेदरलँड्समधील नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन यांनी दृष्टी तपासण्याचा अक्षरांचा तक्ता तयार केला. त्यामागील तत्त्व असे : एका अंशाचे ६० समान भाग केले की एका भागाला मिनिट किंवा कला म्हणतात. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसायचे असतील, तर त्यांनी डोळ्याशी साधारण एका कलेचा कोन करावा लागतो. काहींची दृष्टी याहून थोडी तीक्ष्ण असते, पण सर्वसाधारण हिशेबाला हे माप ठीक आहे.

तीन मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट, अंतरावर एक कला म्हणजे ०.८७ मिलिमीटर. ४३ इंची संचाच्या पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर असते. तिला ३,८४० ने भागल्यास फोर-के संचाचा एक बिंदू ०.२५ मिलिमीटरचा येतो. फुल एचडीचा ०.५ मिलिमीटरचा. दोन्ही आकडे ०.८७ पेक्षा लहान आहेत! दहा फुटांवर बसणाऱ्या माणसाला या दोन पडद्यांतील बारकाव्याचा फरक कळू शकत नाही. तो कळण्यासाठी त्याला पावणेदोन मीटरपेक्षा जवळ यावे लागेल.

याच हिशेबाने आणखी एका कोड्याचा उलगडा होतो. “जुन्या लहान टीव्हीवर चित्र चांगले होते, नव्या मोठ्यावर पुसट दिसते,” अशी तक्रार पुष्कळ घरांत ऐकू येते. साध्या प्रतीच्या वाहिनीचे ७२० बिंदू ९५ सेंटिमीटरवर पसरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला १.३ मिलिमीटर जागा येते. दहा फुटांवरून हा धूसरपणा स्पष्ट दिसतो. ३२ इंची पडद्यावर तेच बिंदू सुमारे एक मिलिमीटरचे असतात, म्हणून तेच चित्र तेथे अधिक रेखीव भासते. तेव्हा ज्या घरात मुख्यतः साध्या प्रतीच्या वाहिन्या पाहिल्या जातात आणि बसण्याची जागा दहा फुटांवर आहे, त्या घराला मोठा संच घेऊन मोठेपणा मिळेल. रेखीवपणा मिळणार नाही.

उजेड आणि काळोख

चित्र उठावदार दिसते ते पांढऱ्या आणि काळ्या भागांतील प्रमाणामुळे. याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. पडद्याची तेजस्विता ‘निट’ या एककात मोजतात. समजा, दोन संच आहेत. दोघांचा पांढरा भाग ३०० निट आहे. पहिल्याचे प्रमाण १,००० ला १, म्हणून त्याचा काळा भाग ०.३ निट. दुसऱ्याचे ५,००० ला १, म्हणून काळा भाग ०.०६ निट. कागदावर दुसरा संच पाचपट सरस ठरतो.

आता दुपारची वेळ, दार सताड उघडे आणि अंगणातील उन्हाचा उजेड पडद्यावर पडून परावर्तित होत आहे. हे परावर्तन १० निट धरू. ते पांढऱ्या आणि काळ्या, दोन्ही भागांत मिळवावे लागते. पहिल्या संचाचे प्रमाण ३१० भागिले १०.३, म्हणजे सुमारे ३०. दुसऱ्याचे ३१० भागिले १०.०६, म्हणजे सुमारे ३१. पाचपटींचा फरक पार वाहून गेला! दारावर पडदा ओढून परावर्तन १ निटवर आणले, तर तेच आकडे सुमारे २३० आणि २८४ होतात. म्हणजे साध्या कापडी पडद्याने दोन्ही चित्रे सातपटींहून अधिक सुधारली.

मराठवाड्यातील जुनी माळवदाची घरे आतून अंधारी असत. अशा खोलीत किंवा रात्री दिवा मंद करून पाहणाऱ्याला जास्त कॉन्ट्रास्टचा संच खरोखर उपयोगी पडतो. पुढच्या उजेडी खोलीत दिवसा पाहणाऱ्याने मात्र आधी संचाची जागा बदलून पाहावी. दारासमोरच्या भिंतीवर संच लावणे हे सर्वांत वाईट.

दुकानातला रंग

दुकानात संच बहुधा अतिशय भडक रंगांच्या योजनेवर लावलेले असतात. त्यात पांढरा रंग निळसर झुकतो. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन चित्रांपैकी अधिक तेजस्वी आणि निळसर चित्र डोळ्याला ‘ताजे’ वाटते. प्रसारणासाठी ठरवलेला पांढरा रंग मात्र सुमारे ६,५०० केल्व्हिन तापमानाशी जुळणारा असतो. संचाच्या यादीतील ‘सिनेमा’ योजना त्याच्या जवळ जाते. ती लावून माणसाचा चेहरा, दहीभात आणि हळद यांचे रंग पाहावेत. हे रंग आपल्याला तोंडपाठ असतात आणि तेथे लबाडी चटकन कळते.

खोक्यावरील ‘एचडीआर’ या शिक्क्याबद्दलही सावध राहावे. या प्रकारची चित्रे अनेकदा १,००० निट तेज गृहीत धरून बनवलेली असतात. ३०० निटचा संच ती स्वीकारतो, पण ते तेज तो आणणार कोठून?

शाळेचा संच

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात भारताने उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा प्रयोग केला. महाराष्ट्र त्यात नव्हता. सारा गाव एका संचापुढे बसत असे, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला काय दिसते हा प्रश्न तेव्हाही होता. आज तो आपल्या वर्गात आहे.

शेवटचे बाक संचापासून ६ मीटरवर आहे असे धरू. अक्षर आरामात वाचण्यास त्याच्या उंचीने सुमारे १५ कलांचा कोन करावा. ६ मीटरवर ही उंची २६ मिलिमीटर होते. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्याने ओळीला दुप्पट, म्हणजे ५२ मिलिमीटर जागा द्यावी लागते. ४३ इंची पडदा सुमारे ५३ सेंटिमीटर उंच असतो. त्यावर जास्तीत जास्त दहा ओळी मावतात; ३२ इंचीवर सातच. वीस ओळींचा पाठ दाखवला, तर संच फोर-के असला तरी शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी केवळ उजेड पाहतो. शिक्षक बंधुभगिनींना आमची विनंती अशी, की महागडा संच मागण्यापूर्वी पाठातील अक्षरे मोठी करावीत. त्याला पैसे पडत नाहीत.

शाळेने आणखी एक पाहावे. काही पडद्यांवर बाजूने पाहिल्यास रंग फिके पडतात. घरी सारे समोर बसतात, वर्गात कडेचीही बाके असतात. म्हणून दुकानात संचाच्या बाजूला ४५ अंशांवर उभे राहून चित्र पाहिलेच पाहिजे.

पण फोर-के तर त्याच किमतीत मिळतो!

हा आक्षेप खरा आहे. आज ४३ इंचांपासून पुढचे पुष्कळ संच फोर-केच असतात, आणि इंटरनेटवरून चांगल्या प्रतीची चित्रफीत पाहणाऱ्याला, जवळ बसणाऱ्याला त्याचा लाभही होतो. किंमत सारखी असेल तर जरूर घ्यावा. आमचे म्हणणे एवढेच, की त्या एका शब्दासाठी जादा पैसे मोजू नयेत आणि इतर गुणांकडे दुर्लक्ष करू नये. हे इतर गुण कोणते? आवाज स्पष्ट आहे का? बिघाड झाल्यास दुरुस्तीचा माणूस तालुक्याला मिळतो की दूरच्या शहरातून येतो? पडदा हा संचाचा सर्वांत महाग भाग. त्याची हमी किती वर्षांची? परभणीचा मे महिना ४० अंश ओलांडतो आणि पुष्कळ संचांच्या पुस्तिकेत ४० अंश हीच वापराची मर्यादा दिलेली असते. तेव्हा पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत संचामागे हवा खेळती राहील अशी जागा आहे का?

किमतीचा विचार करताना कराचा बदलही ध्यानात घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे त्याआधीच्या किमतींशी तुलना करून ‘केवढी सूट!’ असे म्हणणे फसवे ठरेल. विजेचा हिशेबही सोपा आहे : ८० वॅटचा संच रोज ५ तास चालला, तर वर्षाला १४६ युनिटे. ताऱ्यांच्या पट्टीवरील वार्षिक आकडा याच्याशी ताडून पाहावा.

परीक्षेची रीत

दुकानात जाताना टेप आणि घरातल्या बसण्याच्या जागेचे मोजलेले अंतर बरोबर न्यावे. तेवढ्याच अंतरावर उभे राहावे. दुकानदाराला नमुन्याची चित्रफीत बंद करून साध्या प्रतीची मराठी बातम्यांची वाहिनी लावण्यास सांगावे. पडद्याखालून सरकणारी बातमीची पट्टी वाचावी. ‘रग’ आणि ‘रंग’, ‘मद’ आणि ‘मंद’ यांतील भेद एका टिंबाचा. सरकत्या पट्टीत अनुस्वार स्पष्ट दिसतो की फरफटतो, हे पाहिले की संच अंदाज कसा भरतो आणि हालचाल कशी दाखवतो, या दोन्ही विषयांत गुण देता येतात. मग कबड्डीचा किंवा क्रिकेटचा सामना लावावा आणि धावणाऱ्या खेळाडूभोवती चौकोन उमटतात का ते पाहावे. सर्वच संचांवर सारखे उमटत असतील, तर दोष प्रसारणाचा समजावा. पावसाळ्यात ढग दाटले की चित्र तुटते, त्यातही संचाचा अपराध नसतो. पावसाचे थेंब उपग्रहाच्या लहरी शोषून घेतात.

खरेदीच्या आधी वर्गात एक प्रयोग मात्र करून पाहा. पांढऱ्या कागदावर एक मिलिमीटर जाडीच्या काळ्या उभ्या रेषा, मध्ये एक-एक मिलिमीटर जागा सोडून, काढा. कागद भिंतीवर लावा आणि रेषा एकमेकींत मिसळेपर्यंत मागे सरका. निरोगी डोळ्याला त्या सुमारे ३.४ मीटरपर्यंत वेगळ्या दिसाव्यात. प्रत्येकाचे अंतर वहीत नोंदवा. ज्याला दोन मीटरवरच रेषा मिसळलेल्या दिसतात, त्याने नेत्रतपासणी करून घ्यावी. त्याच्या बाबतीत चष्मा हीच चित्राचा दर्जा सुधारण्याची सर्वांत स्वस्त युक्ती ठरेल, आणि फळ्यावरचेही त्याला दिसू लागेल.